प्रोटॉन की लोह? विश्वकिरणांचे वस्तुमान कसे ओळखतात

अवकाशातून पृथ्वीकडे येणारे विश्वकिरण म्हणजे बहुतांशी निरनिराळ्या मूलद्रव्यांची अणुकेंद्रे असतात, आणि त्यांच्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर आलेले अणुकेंद्र कोणत्या मूलद्रव्याचे होते यावर अवलंबून असते. तुलनेने कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रे, आणि सुमारे ९ टक्के हेलियमची अणुकेंद्रे असतात. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह अशी जड अणुकेंद्रे उरलेल्या सुमारे एका टक्क्यात मोडतात. आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रे या कणांचे मार्ग वाकवतात आणि हे वाकणे विद्युतभारावर ठरत असल्यामुळे सारख्याच ऊर्जेचा प्रोटॉन जितका वळेल त्याच्या २६ पट लोहाचे अणुकेंद्र वळते. कणांना गती देणाऱ्या स्रोतांनाही हाच नियम लागू पडतो. एखादा स्रोत प्रोटॉनला जास्तीत जास्त जितकी ऊर्जा देऊ शकतो, त्याच्या २६ पट ऊर्जा तो लोहाला देऊ शकतो. त्यामुळे कण कोठून आला आणि त्याला एवढी ऊर्जा कशी मिळाली हे विचारण्याआधी तो हलका होता की जड हे ठरवावे लागते.

कमी ऊर्जेच्या कणांचे वस्तुमान बऱ्याच थेटपणे मोजता येते. मे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवलेल्या एएमएस-०२ या उपकरणात एक मोठा कायमचुंबक आहे. त्यातून जाताना कणाचा मार्ग किती वाकला यावरून संवेग आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर मिळते, निरनिराळ्या थरांत कणाने किती ऊर्जा सोडली यावरून विद्युतभार कळतो आणि एखाद्या माध्यमात प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या कणामुळे निर्माण होणाऱ्या चेरेन्कोव्ह प्रकाशाच्या कड्याच्या आकारावरून त्याचा वेग काढता येतो. संवेग आणि वेग हाती आले की वस्तुमान साध्या गणिताने निघते. अडचण येते ती कण प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचल्यावर. वेगाच्या मोजणीतील सापेक्ष चूक वस्तुमानात उतरताना लॉरेन्झ गुणकाच्या, म्हणजे कण प्रकाशाच्या वेगाच्या जितका जवळ तितक्या मोठ्या होणाऱ्या संख्येच्या, वर्गाने गुणली जाते, म्हणजे हा गुणक १० असताना वेगात हजारात एका भागाची चूक झाली तर वस्तुमानात १० टक्क्यांची चूक होते. बेरिलियम-९ आणि बेरिलियम-१० या समस्थानिकांच्या वस्तुमानांत नेमका साधारण तेवढाच फरक आहे. त्यांतले बेरिलियम-१० किरणोत्सर्गी असून त्याचा अर्धायुकाल सुमारे १४ लाख वर्षांचा आहे. जड अणुकेंद्रे आंतरतारकीय वायूवर आदळून फुटताना ही दोन्ही समस्थानिके तयार होतात आणि त्यांपैकी बेरिलियम-१० किती उरले यावरून विश्वकिरण आकाशगंगेत एक कोटीहून अधिक वर्षे भटकत असतात हे समजले. एवढे मोठे अनुमान वस्तुमानातील १० टक्क्यांचा फरक ओळखता येण्यावर उभे आहे.

याच टप्प्यावर सिम्युलेशनची, म्हणजे संगणकावर घडवलेल्या प्रतिरूप घटनांची, गरज सुरू होते. येणारे ऑक्सिजनचे अणुकेंद्र उपकरणाच्याच एखाद्या थरात फुटून बेरिलियम बनू शकते, आणि मग उपकरण प्रामाणिकपणे बेरिलियमची नोंद करते, जरी अवकाशातून ते कधी आलेच नव्हते. अशा खोट्या नोंदी किती असतील हे कळण्यासाठी उपकरणाचा प्रत्येक थर, प्रत्येक आधार आणि प्रत्येक पोकळी संगणकात उभी करून त्या प्रतिकृतीतून कोट्यवधी कृत्रिम कण सोडावे लागतात. त्यासाठी जिअँट-४ हा आज्ञावलींचा संच जगभर वापरला जातो. त्याची पहिली आवृत्ती १९९८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली.

ऊर्जा वाढत जाते तशी कणांची संख्या झपाट्याने घटते. एकावर १५ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (कणांची ऊर्जा मोजण्याच्या एककाच्या) पुढे, जेथे विश्वकिरणांच्या ऊर्जा-वर्णपटाला, म्हणजे ऊर्जेनुसार कणांची संख्या दाखवणाऱ्या आलेखाला, ‘गुडघा’ म्हणून ओळखले जाणारे वळण आहे, तेथे एका चौरस मीटरवर वर्षाला एखादाच कण येतो. एकावर २० शून्ये इतक्या ऊर्जेपाशी तर एका चौरस किलोमीटरवर शतकात एखादा. अवकाशात नेता येण्याजोगे कोणतेही उपकरण यांची वाट पाहू शकत नाही. म्हणून वातावरणालाच उपकरणाचा भाग करून घ्यावे लागते. हवेतील अणुकेंद्रावर आदळलेला कण नवे कण निर्माण करतो, ते पुन्हा आदळतात आणि पाहता पाहता इलेक्ट्रॉन, फोटॉन (प्रकाशाचे कण) व म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) यांचा वर्षाव जमिनीकडे येतो. असे विस्तीर्ण वर्षाव असतात हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पियरे ऑजे यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. मूळ कण मात्र पहिल्याच टकरीत संपलेला असतो, आणि त्याचे वस्तुमान त्याच्या लाखो वंशजांच्या मांडणीवरून ओळखायचे असते.

ते ओळखता येते याचे कारण अणुकेंद्राच्या रचनेतच आहे. लोहाच्या अणुकेंद्रात ५६ प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात, आणि एवढ्या प्रचंड ऊर्जेपुढे त्यांना बांधून ठेवणारी ऊर्जा नगण्य असल्यामुळे लोहाचा वर्षाव हा प्रत्येकी छप्पन्नांश ऊर्जेच्या ५६ लहान वर्षावांची बेरीज असल्यासारखा वागतो. लहान वर्षाव लवकर भरात येऊन लवकर ओसरतात. त्यामुळे सारख्या ऊर्जेच्या प्रोटॉनच्या तुलनेत लोहाचा वर्षाव वातावरणात अधिक उंचीवर भरात येतो. हवेची खोली येथे मीटरमध्ये न मोजता ओलांडलेल्या द्रव्यात मोजतात. समुद्रसपाटीपर्यंत सरळ खाली येताना दर चौरस सेंटीमीटरमागे सुमारे १०३० ग्रॅम हवा ओलांडावी लागते, आणि या मापात प्रोटॉन व लोह यांच्या सरासरी कमाल-खोलीत, म्हणजे वर्षाव पूर्ण भरात येतो त्या खोलीत, सुमारे १०० ग्रॅमचा फरक पडतो. दुसरी खूण म्युऑनांच्या संख्येत मिळते. वर्षावाच्या प्रत्येक पिढीत टकरींतून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात; त्यांतले विद्युतभाररहित पायॉन लगेच फोटॉनांत विघटित होतात आणि ऊर्जेचा मोठा वाटा इलेक्ट्रॉन-फोटॉनांकडे कायमचा वळवतात. विद्युतभारित पायॉन मात्र ऊर्जा पुरेशी उतरली की पुन्हा न आदळता विघटित होऊन म्युऑन देतात. लोहाच्या वर्षावात ही उतरण कमी पिढ्यांत पूर्ण होत असल्याने ऊर्जेची ‘गळती’ कमी होते, आणि प्रोटॉनच्या वर्षावापेक्षा साधारण ४० टक्के अधिक म्युऑन जमिनीवर पोहोचतात.

ही सारी तत्त्वे कागदावर मांडता येतात. पण प्रत्यक्ष नोंदीवर वस्तुमानाचा शिक्का मारायचा तर तपशील लागतो, आणि तो केवळ सिम्युलेशन पुरवते. जर्मनीतील कार्लस्रूह येथे वर्षावांतील कण मोजणाऱ्या कास्केड या प्रयोगासाठी तयार झालेली कॉर्सिका ही आज्ञावली आज या क्षेत्रात सर्वत्र वापरली जाते. ती प्रत्येक कणाला हवेतून पुढे नेते, तो कोठे आदळेल, कोठे विघटित होईल, चुंबकीय क्षेत्रात किती वळेल हे संभाव्यतेच्या नियमांनी ठरवते आणि जमिनीवर पोहोचलेल्या कणांची यादी देते. सर्वोच्च ऊर्जेच्या वर्षावात कणांची संख्या हजारो कोटींच्या घरात जाते, तेव्हा एकेका कणाचा पाठलाग अशक्य होतो. अशा वेळी अनेक लहान कणांच्या जागी एकच प्रतिनिधी कण, तो किती कणांच्या जागी आहे हे सांगणाऱ्या सांख्यिकीय वजनासह, पुढे नेला जातो. त्यानंतर ही यादी डिटेक्टरच्या सिम्युलेशनकडे सोपवली जाते. हा दुसरा टप्पा बाहेरून पाहणाऱ्याला दुय्यम वाटतो, पण माझ्या मते सर्वाधिक कष्ट आणि सर्वाधिक सचोटी येथेच लागते. अर्जेंटिनातील मालार्ग्वे गावाजवळच्या पियरे ऑजे वेधशाळेत सुमारे ३००० चौरस किलोमीटर प्रदेशावर, एकमेकांपासून दीड-दीड किलोमीटर अंतरावर, प्रत्येकी १२,००० लिटर शुद्ध पाण्याच्या सोळाशेहून अधिक टाक्या आहेत. टाकीला म्युऑन किंवा इलेक्ट्रॉन यांची नावे कळत नाहीत. तिला कळतो तो पाण्यात उमटलेला चेरेन्कोव्ह प्रकाश आणि त्याची वेळ. कोणत्या कोनातून शिरलेला म्युऑन किती प्रकाश देईल, तो प्रकाश टाकीच्या अस्तरावर किती वेळा परावर्तित होईल, प्रकाशनलिका त्याचे किती मोठ्या विद्युत संकेतात रूपांतर करील आणि इलेक्ट्रॉनिक्स तो कसा नोंदवील, हे सर्व संगणकात खरे उतरले तरच कृत्रिम नोंद आणि खरी नोंद शेजारी ठेवून पाहता येतात.

मग प्रोटॉन, हेलियम, नायट्रोजन, लोह अशा गटांचे हजारो कृत्रिम वर्षाव तयार करून खऱ्या नोंदींशी त्यांची तुलना होते. एकेका वर्षावाबद्दल निश्चित निकाल मात्र क्वचितच देता येतो. प्रोटॉनची पहिली टक्कर कधी उंचावर तर कधी बरीच खाली होते, त्यामुळे त्याच्या कमाल-खोलीत सुमारे ६० ग्रॅमचा चढउतार असतो. लोहाच्या बाबतीत ५६ वर्षावांची सरासरी होऊन तो सुमारे २० ग्रॅमवर येतो. दोन्हींचे आलेख एकमेकांवर चढतात. एखाद्या मुलाच्या उंचीवरून त्याची इयत्ता खात्रीने सांगता येत नाही, पण संपूर्ण वर्गाची सरासरी उंची आणि उंचींतील तफावत कळली तर अंदाज बराच पक्का होतो, तसेच येथे घडते. म्हणून शास्त्रज्ञ बहुधा एकेका कणाचे नाव न सांगता त्या ऊर्जेला आलेल्या कणांच्या वस्तुमानाच्या लॉगॅरिदमची सरासरी आणि प्रत्येक गटाचे प्रमाण सांगतात. यातही चढउतार स्वतःच एक पुरावा ठरतो: सरासरी मधल्या वस्तुमानाकडे बोट दाखवत असेल, तर ते खरोखर मधल्या वजनाच्या अणुकेंद्रांमुळे आहे की प्रोटॉन व लोह यांच्या मिश्रणामुळे, हे तफावतीच्या मापावरून वेगळे करता येते.

या पद्धतीने मिळालेले काही निष्कर्ष भक्कम आहेत. कास्केडने प्रत्येक वर्षावातील इलेक्ट्रॉन आणि म्युऑन यांची संख्या एकत्र मांडून, २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, गुडघ्यापाशी जी घट दिसते ती हलक्या अणुकेंद्रांमुळे आहे असे दाखवले. त्यानंतर २०११ मध्ये विस्तारित कास्केड-ग्रांडे प्रयोगाला जड अणुकेंद्रांच्या वर्णपटात तसेच वळण सुमारे ८ वर १६ शून्ये इतक्या ऊर्जेला सापडले. पहिला गुडघा सुमारे ३ वर १५ शून्ये इतक्या ऊर्जेला आहे, आणि दोन्हींचे गुणोत्तर २६ च्या जवळ येते. विद्युतभाराच्या प्रमाणात ऊर्जेची मर्यादा वाढते हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे आकड्यांत उतरलेले पाहणे मला फार समाधान देणारे वाटते. तामिळनाडूतील उटी येथे, सुमारे २२०० मीटर उंचीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ प्रयोग ५६० चौरस मीटरच्या म्युऑन डिटेक्टरने हेच काम करतो. त्यावरील काँक्रीटचे जाड थर इलेक्ट्रॉनांना अडवतात, त्यामुळे खाली पोहोचलेले म्युऑन मोजता येतात. म्युऑनांच्या संख्येच्या वाटपाची सिम्युलेशनशी जुळणी करून या गटाने २०२४ मध्ये प्रोटॉनचा वर्णपट वेगळा काढला, आणि सुमारे १६६ टेरा (एक टेरा म्हणजे एक लाख कोटी) इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी तो काहीसा सपाट होत असल्याचे, म्हणजे प्रोटॉनची घट तेथे मंदावत असल्याचे, नोंदवले. सर्वोच्च ऊर्जांच्या टोकाला ऑजे वेधशाळेचे निष्कर्ष सांगतात, की सुमारे २ वर १८ शून्ये इतक्या ऊर्जेला विश्वकिरण सर्वांत हलके असतात आणि त्यापुढे ते हळूहळू जड होत जातात.

पण कास्केडच्याच विश्लेषणात एक इशारा दडलेला होता. टकरींचे वर्णन करणारी दोन वेगळी प्रारूपे वापरली तेव्हा गुडघा हलक्या कणांमुळे आहे हा निष्कर्ष दोन्हींत टिकला, परंतु प्रत्येक गटाचे प्रमाण बरेच बदलले, आणि कोणतेही एक प्रारूप सर्व ऊर्जांना मोजमापांशी पूर्ण जुळले नाही. पुढे ऑजे वेधशाळेला सर्वाधिक ऊर्जेच्या वर्षावांत प्रारूपांनी वर्तवल्यापेक्षा सुमारे ३० टक्के किंवा त्याहून अधिक म्युऑन आढळले. ही केवळ हिशेबातील किरकोळ तफावत नाही. प्रोटॉन आणि लोह यांच्यातील म्युऑनांचा फरकच साधारण ४० टक्के असल्यामुळे, प्रारूपातील एवढी उणीव एखाद्या हलक्या कणाला सहज जड ठरवू शकते, आणि कमाल-खोली मात्र तोच कण हलका असल्याचे सांगत राहते. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रातील १३ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टची टक्कर ही स्थिर लक्ष्यावर आदळणाऱ्या सुमारे ९ वर १६ शून्ये इतक्या ऊर्जेच्या प्रोटॉनच्या बरोबरीची असते. त्यापुढील ऊर्जांसाठी प्रारूपे अंदाजाने ताणावी लागतात. शिवाय हवेत आदळणे म्हणजे नायट्रोजन व ऑक्सिजन यांवर आदळणे, आणि वर्षावाला आकार देणारे बरेचसे कण टकरीनंतर मूळ दिशेला अगदी लागून निघतात, जेथे कोलायडरमधील उपकरणांची नजर कमी पोहोचते. जुलै २०२५ मध्ये या यंत्रात प्रथमच ऑक्सिजनच्या टकरी घडवल्या गेल्या, त्यामागे ही उणीव भरून काढणे हाही एक हेतू होता.

अलीकडे वस्तुमान ओळखण्यासाठी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय आज्ञावली, वापरली जातात, आणि टाक्यांतील संकेतांच्या बारीक आकारावरून ती कमाल-खोलीचा अंदाज उत्तम बांधतात. तरीही त्यांना शिकवलेले सारे सिम्युलेशनमधूनच आलेले असते, त्यामुळे प्रारूपातील दोष ती आत्मविश्वासाने पुढे नेऊ शकतात. म्हणून ऑजेच्या गटाने नेटवर्कची उत्तरे प्रतिदीप्ती-दुर्बिणींच्या मोजमापांवर तपासून दुरुस्त केली. या दुर्बिणी हवेतील नायट्रोजनचा मंद प्रकाश थेट पाहतात आणि वर्षाव कोठे भरात आला हे स्वतंत्रपणे सांगतात, पण त्या फक्त चंद्रप्रकाश नसलेल्या निरभ्र रात्रीच, म्हणजे एकूण वेळेच्या सुमारे १५ टक्केच, काम करू शकतात. म्युऑनांचा हिशेब वेगळा करण्यासाठी या वेधशाळेने आता टाक्यांवर प्लास्टिक सिंटिलेटरचे, म्हणजे कण आरपार गेल्यावर चमकणाऱ्या प्लास्टिकचे, सपाट डिटेक्टर बसवले आहेत. पाण्याची खोल टाकी म्युऑनांना अधिक प्रतिसाद देते आणि पातळ सिंटिलेटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे एकाच ठिकाणच्या दोन संकेतांतून दोन अज्ञात संख्या सोडवता येतात. कमाल-खोलीवरून काढलेले वस्तुमान आणि म्युऑनांवरून काढलेले वस्तुमान एकाच वर्षावासाठी शेजारी ठेवले की, ते दोन आकडे ज्या प्रारूपात जुळतील तेच प्रारूप पुढच्या मोजणीसाठी वापरण्याजोगे ठरेल.