आंदारे (इटालियन क्रियापद)

आंदारे : ‘जाणे’ या अर्थाचे इटालियन भाषेतील अनियमित क्रियापद. ‘-आरे’ने संपणाऱ्या क्रियापदांचा गण इटालियनमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत शिस्तीचा. त्यात अनियमित म्हणावीत अशी मूळ क्रियापदे चारच : आंदारे, दारे (देणे), स्तारे (असणे, राहणे) आणि फारे (करणे). फारे तर लॅटिनच्या वेगळ्याच गणातून इथे आलेले. पण रोजच्या बोलण्यात याच चौघांवाचून पान हलत नाही, त्यामुळे नवशिक्याची त्यांच्याशी पहिल्या काही धड्यांतच गाठ पडते.

वर्तमानकाळाची रूपे अशी : वादो (मी जातो/जाते), वाइ (तू), वा (तो/ती), आंद्यामो (आम्ही, आपण), आंदाते (तुम्ही), वान्नो (ते/त्या). सहांपैकी चार रूपांत ‘आंद-’ औषधालाही सापडत नाही, कारण इथे दोन वेगळी क्रियापदे एकत्र नांदतात. ‘वाद-’ हे अंग (प्रत्ययाआधीचा भाग) लॅटिन ‘वादेरे’चे, ‘आंद-’ कुठून आले यावर विद्वानांचे एकमत नाही. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. आपले ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचे आणि ‘गेला’ ‘गम्’चे, तरी दोन्ही एकाच क्रियापदाची रूपे म्हणून आपण बिनदिक्कत वापरतो.

दोन अंगांची वाटणी मात्र मनमानी नाही. बोलताना आघात (उच्चारातला जोर) अंगावर पडला तर ‘वाद-’ किंवा त्याचे झिजलेले रूप येते. आघात पुढच्या प्रत्ययावर सरकला की ‘आंद-’. वा́दो, वा́न्नो, पण आंद्या́मो, आंदा́ते. हे एक सूत्र पक्के झाले की बाकीचे काळ फारसे छळत नाहीत. अपूर्ण भूतकाळ ‘आंदावो’ आणि साधा भूतकाळ ‘आंदाइ’ दोन्ही नियमित आहेत. भविष्यकाळात तेवढा एक स्वर गळतो : ‘आंदेरो’ नव्हे, ‘आंद्रो’. ‘उशीरे’ (बाहेर पडणे) हे क्रियापदही याच चालीने चालते : एस्को, पण उश्यामो. पाठ्यपुस्तके सहा रूपांचा तक्ता देऊन मोकळी होतात आणि हे सूत्र अनेकदा सांगतच नाहीत, हे खटकते.

पूर्ण भूतकाळात ‘एस्सेरे’ (असणे) हे साहाय्यक क्रियापद लागते आणि धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनानुसार बदलते : पुरुष म्हणेल ‘सोनो आंदातो’, बाई म्हणेल ‘सोनो आंदाता’. अनेकवचनी आंदाती आणि आंदाते. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ म्हणणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. उच्चारही सोपा, कारण इटालियन त आणि द दंत्यच आहेत. इंग्रजी वळणाने ट-ड केले की बिघडते.

कुठे जायचे त्यावर शब्दयोगी अव्यय ठरते. शहराला ‘आ’, देशाला ‘इन’, माणसाकडे जायचे तर ‘दा’ : वादो आ रोमा, वादो इन इतालिया, वादो दाल मेदिको (डॉक्टरांकडे जातो). ‘दा’साठी मराठी ‘-कडे’ मनात धरले की बहुतेक वेळा काम भागते. पुढे दुसरे क्रियापद असेल तर मध्ये ‘आ’ हवाच : ‘वादो आ मांज्यारे’, म्हणजे जेवायला जातो. इंग्रजीच्या सवयीने याला भविष्यकाळ समजू नये. इथे खरोखरच उठून जाणे आहे. उद्याचा बेत सांगायला साधा वर्तमानकाळ पुरतो, जसे आपण ‘उद्या जातो’ म्हणतो.

आज्ञार्थात आदराचा भेद पाळावा लागतो. रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाला ‘वादा द्रित्तो’ (सरळ जा), मित्राला ‘वाइ द्रित्तो’. मित्राला ‘जाऊ नकोस’ म्हणताना मात्र मूळ रूपच येते : ‘नोन आंदारे’.

जाण्यापलीकडचे अर्थही बरेच. ‘कोमे वा?’ म्हणजे कसे चालले आहे, ‘वा बेने’ म्हणजे ठीक आहे. बोलण्यात या शेवटच्या शब्दांतला ब दुप्पट ऐकू येतो, आणि घाईत नुसते ‘वाब्बे’ उरते. संगीतातील ‘आंदांते’ ही मध्यम लयीची संज्ञा याच क्रियापदाची. सरकारी अर्जावर दिसणारे ‘वा कोंपिलातो’ नवख्याला बुचकळ्यात टाकते : तिथे कोणी कुठे जात नसते, धातुसाधितापूर्वी आलेला ‘वा’ सक्ती दाखवतो, आणि अर्थ होतो ‘भरला पाहिजे’.