प्रगती शिष्यवृत्ती: पोर्टल उघडण्याआधी बँकेत आणि तहसीलमध्ये जाऊन या

दहावीला चांगले गुण, गणिताची आवड, पॉलिटेक्निकला प्रवेशही मिळालेला. तरीही घरात बोलणं सुरू होतं ते फीचं, पुस्तकांचं आणि लॅपटॉपचं. पैसे एकाच्याच शिक्षणाला पुरणार असतील तर बहुतेक घरांत मुलीलाच थांबवलं जातं. अशा घरांना माझं एकच सांगणं आहे: प्रगती शिष्यवृत्तीचा अर्ज भरल्याशिवाय तिला थांबवू नका.

ही शिष्यवृत्ती अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, खास मुलींसाठी देते. वर्षाला ५०,००० रुपये थेट मुलीच्या खात्यात जमा होतात. पहिल्या वर्षापासून पदवीला असेल तर जास्तीत जास्त चार वर्षं, डिप्लोमाला असेल तर तीन वर्षं. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला असेल तर त्यातलं एक वर्ष कमी होतं. ही रक्कम फक्त फीसाठी नसते. पुस्तकं, संगणक, सॉफ्टवेअर, उपकरणं यांवरही ती खर्च करता येते.

अट पहिली, कॉलेज आणि अभ्यासक्रम एआयसीटीई मान्यताप्राप्त हवा. साधी बीएस्सी यात बसत नाही. प्रवेश पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला झालेला असावा. कुटुंबाचं सगळ्या मार्गांनी येणारं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा जास्त नसावं. एका घरातल्या दोन मुलींपर्यंत लाभ मिळतो, त्यामुळे थोरलीला मिळाली म्हणून धाकटीचा अर्ज टाळायचं कारण नाही. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती मात्र याच वेळी घेता येत नाही. महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजनेचाही विचार असेल तर दोन्हींतलं काय निवडायचं, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसून आधीच ठरवा.

निवड गुणांवर होते. डिप्लोमाला दहावीचे गुण धरतात, पदवीला बारावीचे. जागा राज्यवार वाटलेल्या असतात आणि आरक्षणही लागू असतं. “आपल्या पोरीला एवढेच टक्के, कशाला भरायचा” असं म्हणून पुष्कळ अर्ज भरलेच जात नाहीत. यादी कुठे थांबेल हे घरात बसून कळत नाही, आणि पोर्टलवर अर्ज करायला एक रुपयाही लागत नाही.

कागद तसे नेहमीचेच: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाचं पत्र, फीची पावती, कॉलेजचं बोनाफाईड, आधार, बँकेचं पासबुक, आणि लागू असेल तर जातीचा दाखला. वेळ लागतो तो तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याला. तो आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो, पण त्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथे झुंबड असते. आईवडील रोजंदारीवर जात असतील तर एका दाखल्यासाठी दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून निकालाची वाट न पाहता हे काम मे महिन्यातच उरकून घ्या.

आता बँकेचं काम. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. अर्ज मंजूर होऊनही पैसे परत गेल्याची एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. मुलीचं खातं होतं, पासबुक होतं, पण ते पूर्ण केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याची पडताळणी, न झालेलं ‘छोटं खातं’ होतं. अशा खात्यात साधारणपणे ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. तिच्या खात्यात आधीच तीनशे-चारशे रुपये होते. त्यात ५०,००० मावणार कसे? पासबुकावर हे कुठे लिहिलेलं नव्हतं, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. अल्पवयीन मुलीच्या खात्यावरही अशा मर्यादा असू शकतात. बँकेत जाऊन सरळ विचारा: या खात्यात एकदम पन्नास हजार जमा होतील का? उत्तर नाही आलं तर तिथेच केवायसी पूर्ण करून खातं नियमित करून घ्या.

दुसरा प्रश्न आधार सीडिंगचा, म्हणजे सरकारी पैसे कोणत्या खात्यात यायचे याच्या आधारशी जोडलेल्या नोंदीचा. “आधार लिंक आहे” एवढ्यावर समाधान मानू नका. केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं आणि थेट लाभासाठी खातं सीड असणं वेगळं. सरकारी पैसे आधारला सीड असलेल्या एकाच खात्यात येतात. मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडताना सीडिंग तिकडे गेलं असेल तर पैसेही तिकडेच जातील. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, ती एकदा बघून घ्या.

अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. आधी वन टाइम रजिस्ट्रेशन, म्हणजे ओटीआर. त्यात आधारवरून ओळख पटवली जाते, मोबाईल ॲपवर चेहऱ्याची पडताळणी होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढची सगळी वर्षं तोच लागणार आहे. आधार आणि गुणपत्रिकेवरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करा. सायबर कॅफेत भरत असाल तर मोबाईल नंबर घरचाच द्या. कॅफेवाल्याचा दिला तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. सारख्या नावाची कॉलेजं यादीत असतात, तेव्हा कॉलेजचा एआयएसएचई कोड, म्हणजे प्रत्येक कॉलेजचा वेगळा असलेला ओळख क्रमांक, ऑफिसातून घेऊनच कॉलेज निवडा.

अर्ज सबमिट केला म्हणजे काम संपलं, असं नाही. तो आधी कॉलेजचे नोडल अधिकारी, म्हणजे या कामासाठी नेमलेले अधिकारी, तपासतात, मग राज्य पातळीवर पडताळणी होते. प्रिंट आणि कागदांच्या प्रती कॉलेजात देऊन पोच घ्या. त्रुटी निघाली तर अर्ज ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून परत येतो आणि दुरुस्तीला ठरावीक मुदतच असते, म्हणून दर आठवड्याला स्थिती बघा. तारखा दरवर्षी वेगळ्या असतात. कॉलेजच्या पडताळणीची मुदत विद्यार्थ्यांच्या मुदतीनंतर लगेच संपते, तेव्हा ऑफिसात विचारायला लाजू नका.

पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करायचा नाही, नूतनीकरण करायचं. त्यासाठी वरच्या वर्गात जाणं आवश्यक आहे, वर्ष गेलं तर शिष्यवृत्ती थांबते. नूतनीकरण आपोआप होत नाही. पोर्टल उघडलं की त्याच ओटीआरने लॉगिन करून, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि चालू वर्षाच्या फीची पावती लावून ते मुलीनेच भरायचं असतं.