खिळ्यापासून सुरुवात : जपानी लोहारशाळेत पाहुण्याच्या हाती तलवार का येत नाही

निइगाता प्रांतातल्या सान्जो शहरात ‘काजी दोजो’ नावाची जागा आहे. काजी म्हणजे लोहार आणि दोजो म्हणजे आपली तालीम. लोहारांच्या या तालमीत नवख्या पाहुण्यापुढे ठेवतात तो एक लांब खिळा. लांबी पाच ‘सुन’ (हे जुनं जपानी माप), म्हणजे साधारण 15 सेंटिमीटर. भट्टीत तो लालबुंद करायचा, सांडशीत धरून ऐरणीवर ठोकून चपटा करायचा, मध्ये एक पीळ द्यायचा, की पाकिटं फोडायची सुरी तयार. सामुराई, त्यांची काताना तलवार, ठिणग्यांचा वर्षाव अशी चित्रं डोक्यात घेऊन आलेल्या माणसाचा इथे थोडा हिरमोड होतो. पण या धंद्याचा इतिहास बघितला, तर त्याच्या हाती खिळा येणं हेच बरोबर आहे.

सान्जोचं लोहारकाम मुळात खिळ्यांतूनच उभं राहिलं. शिनानो आणि इकाराशी या नद्यांच्या पुरात इथली भातशेती वरचेवर बुडायची. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या अधिकाऱ्याने एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, खिळे घडवणारे लोहार आणवले आणि शेतकऱ्यांना हा जोडधंदा शिकवायला लावला. एदो हे लाकडी घरांचं आणि सततच्या आगींचं शहर. ते जळायचं, पुन्हा बांधलं जायचं आणि त्यासाठी खिळे लागायचे. पुढे एकोणिसाव्या शतकात यंत्रावरचे तारेचे खिळे आले आणि हाताच्या खिळ्याचा बाजार बसला. मग सान्जोची माणसं सुऱ्या, कात्र्या, सुतारकामाची हत्यारं यांच्याकडे वळली. हातखिळा मात्र अगदीच संपला नाही. इसे इथलं शिंतो देवस्थान दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात, त्यासाठी तो अजून लागतो.

खिळ्याचा आणि तलवारीचा संबंध याहून जुना आहे. 1588 मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडची शस्त्रं जमा करण्याचा हुकूम काढला. इतिहासात त्याला ‘कातानागारी’, म्हणजे तलवारींची शिकार, म्हणतात. जमा झालेलं लोखंड वाया जाणार नाही, क्योतोत उभ्या राहणाऱ्या महाबुद्धाच्या कामात त्याचे खिळे आणि बंद होतील, त्यामुळे शेतकऱ्यांचं इहलोकी आणि परलोकीही भलंच होईल, असा दिलासा त्या हुकुमातच दिला होता. बंडाची भीती होती हे उघड आहे, पण कारण काय सांगितलं तर पुण्याचं! तलवार फक्त सामुराईच्या कमरेला, ही चौकट या हुकुमानंतर घट्ट झाली. लोहारांवर सरकारी फर्मान येऊन आदळण्याची ही पहिली मोठी खेप. अजून दोन यायच्या होत्या.

तलवारीच्या त्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पाहुण्यांना ओढून आणतं ते तेच. जुन्या तलवारी पाच परंपरांत मोडतात : यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो. मिनोचं केंद्र असलेलं सेकी आजही जपानमधलं पात्यांचं मोठं शहर आहे. ‘तामाहागाने’ हे पोलाद तापवायचं, ठोकून लांबवायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. दहा-पंधरा घड्यांत हजारो थर होतात आणि मळी निघून जाते. शेवटी पात्याला मातीचा लेप देतात, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. मग सुमारे 800 अंशांपर्यंत तापवून पाणी द्यायचं. पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. पाण्यात शिरताना पातं क्षणभर उलटं झुकतं आणि मग आपला बाक घेतं. पुष्कळदा याच क्षणी ते तडकतंही, आणि आठवड्यांची मेहनत भंगारात जाते. आपण ‘पाणीदार’ शब्द डोळ्यांना लावतो, माणसाच्या स्वभावालाही लावतो. पात्याला पाणी देताना बघितलं की या शब्दात काय आहे ते कळतं.

मराठी वाचकाने संग्रहालयातल्या जुन्या जपानी पात्यांवर आणखी एक गोष्ट जरूर शोधावी. मुठीच्या वर, पात्यावर, कधीकधी एक अक्षर कोरलेलं दिसतं. ते जपानी नसतं, संस्कृत असतं. नवव्या शतकात शिंगोन बौद्ध पंथाबरोबर सिद्धम लिपी जपानमध्ये रुजली आणि देवतांची बीजाक्षरं पात्यांवर आली. हाती खड्ग आणि भोवती ज्वाळा असलेला अचल, जपानी नावाने फुदो म्योओ, हा त्यांतला लाडका. त्याचं बीजाक्षर ‘हां’, जपानी उच्चार ‘कान’. ओळख पटायला अंमळ वेळ लागतो, कारण लिपी देवनागरीची चुलत बहीण असली तरी वळणं वेगळी आहेत.

स्वयंपाकघरातल्या सुरीची कुळकथा मात्र या दिमाखाची नाही. ओसाकाजवळचं साकाई घ्या. पाचव्या शतकातली राजांची प्रचंड थडगी उभारताना इथे लोखंडी हत्यारांचा धंदा जमला असं मानतात. 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज आले, बंदूक आली, आणि लवकरच साकाई बंदुका घडवू लागलं. पोर्तुगीजांबरोबर तंबाखूही आली. गोव्याहून निघून मकाव आणि नागासाकी गाठणाऱ्या त्यांच्या गलबतांचा मार्ग आपल्याला परका नाही. तंबाखूचं पान केसासारखं बारीक चिरायला खास सुरी लागायची आणि ती साकाईच्या लोहारांनी इतकी उत्तम केली, की शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने तिच्यावर ‘साकाई कीवामे’ असा शिक्का मारून विक्रीचा मक्ताच देऊन टाकला. आज जगभरच्या सुशीवाल्यांच्या हातात दिसणाऱ्या एकधारी सुरीमागे ही तंबाखूची सुरी आहे. साकाईत कामं वाटलेली : घडवणारा एक, धार लावणारा दुसरा, मूठ बसवणारा तिसरा. म्हणून तिथे पाहुण्याच्या वाट्याला बहुधा धार लावणं किंवा मूठ बसवणं येतं. घण चालवायचाच असेल तर दुसरं गाव बघावं.

ते दुसरं गाव म्हणजे फुकुई प्रांतातलं एचिझेन. 1337 मध्ये चियोझुरू कुनियासू हा क्योतोचा तलवारकार चांगल्या पाण्याच्या शोधात इथे आला आणि तलवारींबरोबर शेजारच्या शेतकऱ्यांसाठी विळेही करू लागला, अशी परंपरा सांगतात. गावाला नाव मिळालं ते विळ्यांनी. लाखेच्या झाडांचा चीक काढणारी इथली माणसं हंगामात देशभर फिरायची आणि जाता-येता हे विळे विकायची. जाहिरातीचा खर्च शून्य.

दुसरं फर्मान 28 मार्च 1876चं. लष्कर आणि पोलीस यांसारखे अपवाद सोडून कोणी तलवार बाळगून हिंडायचं नाही. नव्या मेजी सरकारला आधुनिक सैन्य हवं होतं, कमरेला दोन तलवारी लावणारा वर्ग नको होता. एका दिवसात गिऱ्हाईकच नाहीसं झालं. काही मोजके कारागीर राजघराण्याच्या आश्रयाला गेले, बाकीचे विळे, वस्तरे, कात्र्या, सुऱ्या करू लागले. सेकीतली कितीतरी घरं अशी वळली. याच सुमाराला जपानी माणूस उघडपणे गोमांस खाऊ लागला होता. 1872 मध्ये सम्राटानेच ते खाल्ल्याचं जाहीर झालं. त्या मांसासाठी पाश्चात्त्य घाटाची जी सुरी घडली तिचं नाव ‘ग्यूतो’, शब्दशः गाय-तलवार. तलवार गेली पण शब्दात उरली.

तिसरी खेप 1945ची आणि सगळ्यांत कडक. शरणागतीनंतर दोस्त सैन्याने तलवारी गोळा केल्या. घराण्यात शतकानुशतकं जपलेल्या आणि युद्धात कारखान्यांनी ढिगांनी काढलेल्या, दोन्ही एकाच गाडीत. पुष्कळ वितळल्या, पुष्कळ समुद्रात गेल्या, काही सैनिकांच्या पेट्यांतून अमेरिकेला गेल्या. होन्मा जुन्जी यांच्यासारख्या जाणकारांनी अमेरिकी अधिकारी कर्नल कॅडवेल यांना पटवून दिलं, की यातल्या कित्येक शस्त्रं नसून कलाकृती आहेत. तोक्योतल्या अकाबानेच्या गोदामातून निवडून काढलेल्या त्या तलवारींना आजही ‘अकाबाने तलवारी’ म्हणतात. 1948 मध्ये जपानी तलवारींच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली, 1950च्या दशकात परवान्याने तलवार घडवणं पुन्हा सुरू झालं आणि 1958 मध्ये बंदुका व तलवारींचा कायदा आला.

पाहुण्याच्या हातात तलवार न येण्याचं कारण याच व्यवस्थेत आहे. तलवारकार व्हायचं तर परवानाधारक गुरूकडे पाच वर्षं उमेदवारी, बहुधा बिनपगारी, आणि मग सांस्कृतिक विभागाची परीक्षा. परवाना मिळाल्यावरही लांब तलवारी महिन्याला फक्त दोन. तयार झालेल्या प्रत्येक तलवारीची नोंदणी. 15 सेंटिमीटर आणि त्याहून लांब पात्याची तलवार परवान्याशिवाय घडवणं हा गुन्हा. त्यामुळे ‘तलवार बनवा’ अशा पाट्यांखाली जे मिळतं ते असं : गुरूच्या देखरेखीखाली तापल्या पोलादावर घणाचे काही घाव, किंवा ‘कोगाताना’ नावाची पेन्सिल तासायच्या आकाराची छोटी सुरी. पाट्यांवर हे स्पष्ट लिहिलं तर बरं. पण ‘छोटी सुरी बनवा’ या पाटीने लोक विमानाची तिकिटं काढणार नाहीत, हेही खरं.

पोलादाचीही तीच गत. तामाहागाने शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे पारंपरिक ‘तातारा’ भट्टीत निघतं. 1977 मध्ये ही भट्टी पुन्हा पेटवली गेली, तीही फक्त हिवाळ्यात. तीन दिवस, तीन रात्री, सुमारे 10 टन लोहवाळू आणि 12 टन कोळसा. त्यातून अडीच टनांचा गोळा निघतो आणि त्यात उत्तम तामाहागाने एका टनाच्याही आत. ते जातं परवानाधारक तलवारकारांकडे. पाहुण्याच्या सुरीचं पोलाद यासुगीच्या कारखान्यातलं असण्याचा संभव जास्त. त्याची नावं ‘पांढरा कागद’ आणि ‘निळा कागद’, कारण प्रत ओळखायला कारखाना त्या रंगाचे कागद चिकटवायचा. जगभरचे सुरीवेडे या नावांत गूढ अर्थ शोधतात, पण ती निव्वळ गोदामाची सोय होती.

मग लोहारांनी परक्यांसाठी दार का उघडलं? साच्यात कापलेल्या स्वस्त सुऱ्यांनी हातघडाईचा बाजार खाल्ला आणि मुलं धंद्यात येईनात. एचिझेनमधल्या काही लोहारांनी 1980च्या दशकात काझुओ कावासाकी या डिझायनरबरोबर नव्या घाटाच्या सुऱ्या आणल्या आणि 1993 मध्ये ‘ताकेफू नाइफ व्हिलेज’ ही सामाईक कर्मशाळा उभारली. लोहाराचं घर आणि भट्टी एकाच आवारात असताना परका माणूस आत येणं शक्यच नव्हतं. इथे वरच्या सज्जातून कोणीही काम बघू शकतो आणि नाव नोंदवून सुरीही घडवू शकतो. सरकारने 2003 मध्ये परदेशी पर्यटक आणण्याची मोहीम सुरू केली तेव्हा वर्षाला सुमारे 52 लाख पाहुणे येत, 2024 मध्ये ते 3 कोटी 68 लाखांवर गेले. मार्च 2024 मध्ये शिंकान्सेन या वेगवान रेल्वेचा मार्ग वाढला आणि एचिझेन-ताकेफूला स्वतःचं स्टेशन मिळालं.

आत गेल्यावर पाहुण्याला मिळते ती जागा मात्र जुनी आहे. मुख्य लोहार लहान हातोडीने ऐरणीवर ताल देतो, समोरचा घण टाकतो. या समोरच्या घावाला ‘आइझुची’ म्हणतात. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याने ‘हं, हं’ करत साथ द्यावी, यालाही जपानी भाषेत हाच शब्द. आपण प्रश्न ऐरणीवर आणतो, त्यांनी गप्पा आणल्या. घाव चुकून ताल बिघडला तर होणारा आवाज ‘तोन-चिन-कान’, आणि भलतंच बोलणाऱ्यालाही तेच म्हणतात. पहिल्या दहा मिनिटांत बहुतेक पाहुणे तोन-चिन-कानच असतात. एक बदल मात्र लक्षात घ्यायला हवा : भट्टीची देवता कानायागो हिला बाईमाणूस चालत नाही अशी समजूत होती आणि तातारात स्त्रियांना मज्जाव असे. आज याच गावांत बायका सर्रास घण उचलतात.

दिवसाच्या शेवटी सुरीला दगडावर धार लावतात, पाठीवर नाव कोरतात आणि ती कागदात घट्ट गुंडाळून देतात. देताना एक सूचना हमखास असते : पॅकिंग वाटेत उघडू नका. 6 सेंटिमीटरहून लांब पात्याची सुरी सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं त्याच 1958च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विमानात ती चेक-इनच्या बॅगेतूनच न्यावी लागते.