तेल सांगते इंजिनाची झीज

लष्कराचे चिलखती वाहन बिघडले की ते थेट खडकीला येते, असा पुण्यात अनेकांचा समज असतो. खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमध्ये पायदळाच्या बीएमपी वाहनांचे ओव्हरहॉल होते, हे खरे. पण तो शेवटचा टप्पा. किरकोळ काम चालक आणि पलटणीतले कारागीर जागेवरच उरकतात, मोठे काम मागच्या फील्ड वर्कशॉपकडे जाते. पार सुटे करून पुन्हा बांधायचे असेल, तरच बेस वर्कशॉप. लष्कराची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या, १९४३ साली उभ्या राहिलेल्या ईएमई कोअरची ही उतरंड आहे. आघाडीजवळ तर इंजिन खोलत बसण्यापेक्षा अख्खे बदललेलेच परवडते.

पण बदलायची वेळ झाली, हे न खोलता कसे कळायचे? तेलावरून.

गॅसवर मिठाचे पाणी उतू गेले की ज्योत पिवळी होते, ती सोडियममुळे. हीच युक्ती इथे चालते. इंजिन गरम असतानाच, गाळ खाली बसण्याआधी, नमुना काढतात. प्रयोगशाळेत ग्रॅफाइटची फिरती चकती तेलाचा पातळ थर वर उचलते आणि त्यावर विजेची ठिणगी पडते. झिजलेल्या धातूचे अणू तापतात, त्यांतले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाऊन खाली येताना ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकतात. तांब्याची एक ठळक रेषा ३२४.७ नॅनोमीटरला दिसते. तांब्याबरोबर शिसे वाढले तर संशय बेअरिंगवर. क्रोमियम वाढले तर पिस्टन रिंगांवर. सिलिकॉन म्हणजे बहुधा धूळ. सिलिकॉनपाठोपाठ लोखंड आणि क्रोमियमही चढले, तर एअर फिल्टरमधून शिरलेली वाळू सिलिंडर खरवडते आहे. खंडेनवमीला गाडीला हार जरूर घाला, पण फिल्टर आधी झाडा.

एकट्या आकड्याला अर्थ नसतो. मध्येच ताजे तेल ओतले की सगळे आकडे उतरतात, म्हणून प्रत्येक इंजिनाची नोंदवही लागते. ती धड नसेल तर ‘एआय बिघाड आधीच सांगेल’ या जाहिरातीही फोल.

अमेरिकेची तिन्ही दले ही तपासणी एकत्रित कार्यक्रमातून करत आली आहेत. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ती होते. मात्र साधारण दहा मायक्रॉनहून मोठा कण ठिणगीत पुरता जळत नाही. त्यामुळे गिअरच्या दाताचा टवका उडाला तरी अहवाल निर्दोष येऊ शकतो. त्यासाठी तेलाच्या वाटेत चुंबकी प्लग बसवतात आणि तो काढून, त्यावर काय चिकटले आहे ते डोळ्यांनीच बघतात.