काचबिंदूवरील लेसर : सहा वर्षांनंतर काय उरते?

काचबिंदूसाठी लेसर करून घेण्याचा सल्ला मिळाला, की रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा 'मग डोळ्यांत घालायचे औषधी थेंब कायमचे सुटतील का?' असा असतो. बऱ्याच जणांचे थेंब काही वर्षे सुटतात. काचबिंदू मात्र सुटत नाही.

डोळ्याच्या पुढच्या भागात सतत तयार होणारा पाण्यासारखा द्रव बुबुळाच्या कडेशी असलेल्या बारीक जाळीतून झिरपून बाहेर पडतो. खुल्या कोनाच्या काचबिंदूत, म्हणजे जाळीपर्यंतचा मार्ग मोकळा असलेल्या प्रकारात, ही वाट जाळीतच अडखळते, सहसा डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू निकामी होत जाते. 1979 पासून रूढ झालेला आर्गॉन लेसर या जाळीवर सूक्ष्म डाग देत असे. दाब उतरे, पण जाळीवर व्रण राहत आणि काही वर्षांनी परिणाम ओसरला, तर तोच उपचार पुन्हा करणे जोखमीचे ठरे.

आजचा 'एसएलटी' (सिलेक्टिव्ह लेसर ट्रॅबेक्युलोप्लास्टी, म्हणजे जाळीतील निवडक पेशींवरच काम करणारा) लेसर वेगळा आहे. त्याचा प्रत्येक झोत सुमारे 3 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे अब्जावे तीन भाग, एवढाच टिकतो. जाळीतील रंगद्रव्य असलेल्या पेशी तो शोषून घेतात, पण उष्णता शेजारच्या ऊतींपर्यंत पोहोचण्याआधीच झोत संपलेला असतो. सुन्न करणारा थेंब घालून, हनुवटी यंत्रावर टेकवून, डोळ्यावर आरसा असलेली खास भिंग ठेवून साधारण शंभर झोत दिले जातात. डॉक्टरांना जाळीपाशी बारीक बुडबुडे उठताना दिसतात. त्यानंतर शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी तेथे येतात आणि द्रवाची वाट सुधारते. या कामाला काही आठवडे लागतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी 'काही फरक नाही' म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही.

दीर्घकालीन परिणामांबद्दल सर्वांत भक्कम पुरावा ब्रिटनमधील 'लाइट' चाचणीचा आहे. त्यात नव्याने निदान झालेल्या 718 रुग्णांपैकी काहींना आधी लेसर, तर काहींना आधी थेंब देण्यात आले. सहा वर्षांनंतर लेसर गटातील सुमारे 70 टक्के डोळ्यांचा दाब थेंबांशिवाय किंवा शस्त्रक्रियेशिवाय ठरवलेल्या पातळीत होता. आजार वाढल्याचे प्रमाण लेसर गटात 19.6 टक्के, तर थेंबांच्या गटात 26.8 टक्के होते. माझ्या मते आजार वाढल्याचे हे आकडे अधिक बोलके आहेत, कारण थेंब वाचणे ही सोय झाली, नस वाचणे हा उपचाराचा खरा हेतू.

परिणाम ओसरतो, हेही खरे. काहींना लेसर पुन्हा घ्यावा लागतो, आणि व्रण जवळजवळ राहत नसल्याने तो घेता येतो. काहींना शेवटी थेंब किंवा शस्त्रक्रिया लागतेच. गेलेली दृष्टी मात्र कोणत्याही लेसरने परत येत नाही. शिवाय चाचणीतील 70 टक्क्यांचा आकडा ठरलेल्या वेळी तपासणीला बोलावल्या जाणाऱ्या रुग्णांचा आहे. त्यांच्यापैकी ज्यांचा दाब पुन्हा चढला, तो यंत्रावर मोजला म्हणूनच कळला. असा हळूहळू चढणारा दाब सहसा दुखत नाही.