मानेवरचा तो मळ नव्हे

मे महिन्यात मामेबहीण तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन राहायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून त्याच्या रडण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर ही डाळीचं पीठ आणि साय लावून त्याची मान खसाखसा घासतेय. "बघ गं, किती मळ साचलाय! महिनाभर घासतेय, निघतच नाही." मान मागून काळपट, हाताला मखमलीसारखी जाडसर, आणि घासून घासून लाल झालेली. काखेतही तसंच.

मी तिचा हात धरला. तो मळ नव्हताच.

डॉक्टर त्याला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. आपण जेवलो की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि त्याच्या सांगण्यावरून पेशी रक्तातली साखर आत घेतात. पेशी ऐकेनाशा झाल्या की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. त्यामुळे साखरेचा आकडा कित्येक वर्षं चांगला दिसत राहतो. पण हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं, आणि मान, काख, जांघ इथली कातडी जाड व काळी होते. मुलांमध्ये बहुतेक वेळा कारण हेच असतं. रक्ताच्या तपासणीआधी मान बोलते.

"पण हा लठ्ठ कुठाय? अंगाने भरलेला आहे एवढंच," ती म्हणाली. शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली. उंची 132 सेंटीमीटर, पोटाचा घेर 71. पाच वर्षांपुढच्या मुलाचा पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, असा साधा ठोकताळा आहे. याचा 66 च्या आत हवा होता. वजनकाटा न लागता कुठल्याही घरात करता येईल अशी ही तपासणी आहे, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत मला ती वजनापेक्षा मोलाची वाटते. त्याचं कारण पुण्यात सापडलेलं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं सरासरी 2.7 किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. मोजमाप घेताना मात्र वेगळीच गोष्ट दिसली. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणारं बाळ आतून चरबी राखून जन्माला येत होतं. पुढे 2004 मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचं छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये आलं. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के!

म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये आपल्या मुलांचे वाढीचे तक्ते नव्याने काढले, तेव्हा जादा वजनाची रेषा मोठ्या माणसाच्या 25 ऐवजी 23 बीएमआयला जुळेल अशी खाली आणली. आपण मात्र अजून गुटगुटीत बालक स्पर्धांच्या काळातलेच डोळे घेऊन मुलांकडे बघतो. कमी वजनाच्या बाळाने बाळसं धरलं की आजीला हायसं वाटतं. ते स्वाभाविकच आहे, तिने उपासमार पाहिलेली असते. पण कमी वजनाने जन्मलेलं मूल पुढे झपाट्याने वजन घेऊ लागलं, तर त्यातला मोठा वाटा चरबीचा असू शकतो.

हे स्नायूंचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. जेवणातून आलेली साखर साठवायचं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल तर साखर जाणार कुठे? यकृतात, तिथून चरबीत. पण स्नायू हलला की त्याच्या पेशींची साखर आत घेणारी दारं इन्सुलिनने न ठोठावताही उघडतात. म्हणून मुलाचं धावणं म्हणजे नुसत्या कॅलरी जाळणं नाही. लंगडी, लगोरी, सायकल, जिने यांनी कोठारही वाढतं आणि दारंही उघडी राहतात. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज किमान 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. माझा हा भाचा शाळेत स्कूटीवरून जायचा, क्लासला स्कूटीवरून, आणि इमारतीखालच्या मोकळ्या जागेत गाड्या लावलेल्या. दोष त्याच्या आळसाला देणार का?

खाण्याचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो, तरी एक गोष्ट सांगते. दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यामागची बारीक अक्षरं आम्ही दोघींनी चष्मा लावून वाचली. शंभर ग्रॅममध्ये साखर किती, ते बघून ती गप्पच झाली. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. त्याच्या शाळेच्या डब्यात सकाळी बिस्किटं, चार वाजता पुन्हा बिस्किटं, रात्री दहाला मोबाइल बघत वरण-भात. झोप साडेअकराला. सहा ते बारा वयाला 9 ते 12 तास झोप लागते. ती अपुरी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक वर जातं, पोट भरल्याचं सांगणारं खाली येतं, आणि दुसऱ्या दिवशी मूल दिवसभर काहीबाही मागत राहतं.

तिने विचारलं, मग याचं डाएट सुरू करू का? मुळीच नको. वाढत्या मुलाचं वजन घटवायची बहुधा गरजच नसते. ते आहे तिथे राहिलं आणि उंची वाढली तरी निर्देशांक आपोआप उतरतो. भात बंद करून, ताटावर बसून टोमणे मारून हाती काही लागत नाही. मूल चोरून खायला शिकतं. त्याला 'जाड्या' म्हणणाऱ्या काकांनाही गप्प करायला हवं, कारण त्या शब्दाने मूल मैदानावर जायचंच टाळतं. ताटात काय आणि किती वाजता, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं हे त्याच्या पोटाने. आणि नियम सगळ्या घराला एकच. भाऊजींच्या चहाबरोबरचा फरसाण कपाटात राहिला, तर मुलाला शेंगदाणे-गुळाची वाटी देणं ही शिक्षाच ठरते.

डॉक्टरांकडे मात्र गेलंच पाहिजे, हे मी तिला निक्षून सांगितलं. मान काळी असेल, मूल झोपेत घोरत असेल, वारंवार तहान आणि लघवी लागत असेल तर थांबू नये. वजन वाढतंय पण उंची अडलीय असं दिसलं तर थायरॉइडसारखं कारणही असू शकतं.

ती गेली डॉक्टरांकडे. साखर ठीक निघाली, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. नऊ वर्षांच्या मुलाच्या! परवा फोन आला तेव्हा ती धापा टाकत होती. शाळेपर्यंतचे दीड किलोमीटर आता दोघं चालत जातात. त्वचा उजळायला महिने लागतात हे तिला ठाऊक आहे, पण डाळीचं पीठ न्हाणीघरातून पुन्हा स्वयंपाकघरात गेलंय आणि मुलगा आंघोळीला रडत नाही.