भोपळा गळतोय: माशीचा डंख की मधमाशीची दांडी?

"लिंबाएवढा भोपळा पिवळा पडून गळतोय, कोणतं औषध मारू?" या प्रश्नाला आता मी आधी उलट प्रश्न विचारतो: फळ चिरून पाहिलंत का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. बाटली मात्र आणून ठेवलेली असते.

लांब, बारीक देठाचं ते नरफूल आणि पाकळ्यांखाली इवला भोपळा घेऊन येतं ते मादीफूल, हे तुम्हाला ठाऊकच असेल. सुरुवातीची नरफुलं गळतात, ती गळायचीच.

घोळ होतो तो मादीफुलाखालच्या फळात. परागीभवन झालं नाही, तर ते आठवडाभरात वाढायचं थांबतं, पिवळं पडतं, सुरकुततं. साल मात्र शाबूत असते. फळमाशीने अंडी घातलेल्या फळावर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका दिसतो, त्यावर चिकाचा थेंब असतो. मग फळ त्या बाजूला वाकडं होतं, आतून सडतं आणि चिरलं की पांढरट अळ्या वळवळतात. फक्त चिरायचं ते वेलावरचं फळ. जमिनीवर दोन दिवस पडलेलं फळ दाखवून "या बघा अळ्या" म्हणू नका. सडक्या फळात कोणीही घर करतं.

परागीभवनाअभावी गळणाऱ्या फळांवर कीटकनाशक फवारलं, तर उरल्यासुरल्या मधमाश्याही जातात. मग आणखी फळं गळतात, आणखी फवारणी होते आणि हाती खरोखरच भोपळा येतो. "मी संध्याकाळी फवारतो" हे उत्तरही अर्धंच. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, म्हणून स्पर्शजन्य, म्हणजे अंगाला लागून कीड मारणाऱ्या औषधाला संध्याकाळ बरी, हे खरं. पण इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध वेलातून मकरंदात आणि परागात उतरतं. त्याला कसली संध्याकाळ? आणि "सेंद्रिय आहे, मधमाशीला चालतं" हे तर मला ऐकवतही नाही. पायरेथ्रम हे कीटकनाशक फुलांपासूनच काढतात, तरी त्याने मधमाशी मरते.

डंख खरोखर माशीचाच असला, तरी फळाच्या आतल्या अळीपर्यंत वरची फवारणी धड पोचत नाही. मी डंखलेली फळं रोज तोडून पिशवीत घट्ट बांधतो आणि उन्हात ठेवतो, नाहीतर अळ्या मातीत उतरून कोष करतात. क्यू-ल्युअर या आमिषाच्या वासाचा सापळा नर माश्यांसाठी. फळ धरलं की त्यावर कागदी पिशवी.

भोपळा मोठा करायचा असेल, तर परागीभवन मधमाशीवर सोडूच नका. 2023 साली अमेरिकेत सुमारे 1,247 किलोचा भोपळा तोलला गेला. असे भोपळे वाढवणारे मादीफूल आदल्या संध्याकाळी बांधून ठेवतात आणि पहाटे दोन-तीन ताजी नरफुलं हाताने त्यावर घासतात. पराग भरपूर पडला की बिया जास्त धरतात, आणि बियांच्या जोरावर फळ फुगतं.

एवढं करूनही, एक फळ जोमाने वाढत असताना वेलाने मागची दोन टाकली, तर टाकू द्या. मोठ्या भोपळ्यासाठी आपणही वेलावर एकच ठेवणार असतो.